मामांच्या वहीतलं हसू पटकथेत उतरत नाही, काय करावं?

आचऱ्याची भाची

नमस्कार मंडळी. लघुपट करणारे, नाटकवाले आणि नुसते भरपूर वाचणारेही इथे आहेत, म्हणून सविस्तर विचारते.

माझ्या मामांनी लॉकडाऊनमध्ये आपलं लहानपण लिहून काढलं. दोन फुलस्केप वह्या भरल्या. छापायला म्हणून नव्हे, भाचरांनी वाचावं म्हणून. गाव आचऱ्याजवळची एक वाडी. आजोबा लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मामा आठ वर्षांचे होते. मुंबईत अडीच लाख कामगार घरी बसले, हे आपण पुस्तकात वाचतो. वहीत ते एवढंच आहे की पोस्टमन ओढ्यावरच्या साकवापर्यंत यायचा, पलीकडच्या घराकडे वळायचा आणि आमच्याकडे यायचाच नाही.

हे सगळं असूनही वही वाचताना आम्ही पोट धरून हसतो. त्या वर्षी घर शाकारायला पैसे नव्हते, त्यामुळे पावसात घर जागोजागी गळायला लागलं. चार भावंडांनी एकेक गळती वाटून घेतली. मामांची देवघराच्या दाराशी, मावशीची माळ्याच्या शिडीखाली. ज्याचा टोप आधी भरेल त्याने त्या रात्री चुलीकडे झोपायचं. मावशी टोपाऐवजी गुपचूप तांब्या ठेवायची. त्यावरच्या भांडणाला मामांनी दीड पान दिलंय.

दुसरं म्हणजे संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत, मूळचे आमच्याच बाजूचे, देवबागचे. वाडीत जो तो म्हणायचा, आता डॉक्टर काय सांगतात ते बघायचं. मामांची पक्की समजूत अशी की गिरणी आजारी आहे आणि डॉक्टर तिला तपासायला येतात. गिरणीचा ताप उतरायला किती दिवस लागतात, असं त्यांनी वर्गात गुरुजींना विचारलं आणि दिवसभर व्हरांड्यात उभे राहिले.

गेल्या गणपतीत आरती झाल्यावर मामांनी ही पानं वाचली तेव्हा पडवी हसण्याने दणाणली होती. मग मी त्यावरून एक पटकथा लिहिली. शिमग्याला तीच माणसं, तीच पडवी, मी वाचून दाखवली. सगळे गप्प. मावशी डोळे पुसत आत गेली. शेजारचे काका म्हणाले, "किती हाल काढलेत गो पोरांनी."

रडू आलं याचं मला वाईट वाटत नाही. पण वहीतला मुलगा कुणाच्या दयेला हात पसरत नाही, आणि पटकथेतला पसरतो. प्रसंग तेच आहेत, मी एकही बदललेला नाही.

कुणीतरी सुचवलं म्हणून फ्रँक मॅकोर्टचं 'अँजेलाज ॲशेस' वाचलं. त्याच्या स्वतःच्या लहानपणाचं, १९९६चं पुस्तक, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. आयर्लंडमधलं लिमरिक, बाप मजुरी दारूत घालवतो, तीन भावंडं अगदी लहान असताना दगावतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गल्लीतले बाप इंग्लंडच्या कारखान्यांत कामाला जातात, आणि शनिवारी तारवाली पोरं घरोघर मनीऑर्डर घेऊन येतात. मॅकोर्टांच्या दारावरून पोरगा पुढे निघून जातो. ते पान वाचताना मला आमचा साकवच दिसला. आणि हे पुस्तक वाचताना मी मोठमोठ्याने हसले आहे.

मग ॲलन पार्करने केलेला १९९९चा सिनेमा पाहिला. एमिली वॉटसन आई, रॉबर्ट कार्लाईल बाप, संगीत जॉन विल्यम्सचं. कामं उत्तम, प्रसंगही बहुतेक पुस्तकातलेच. तरी अडीच तास मी नुसती भिजत बसले. म्हणजे माझ्या पडवीत झालं तेच तिथे झालं.

हसू जातं कुठे? आणि ते आणायचं कसं? मालवणीत करतेय, वाडीतलीच मुलं घेणार आहे, पैसे जेमतेम आहेत.

घाटमाथ्यावरून

निवेदन वापरा. वहीतली वाक्यं मामांच्याच आवाजात रेकॉर्ड करा आणि दृश्यांवर टाका. भाषेतली गंमत टिकवायचा दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

आणि रडू येतंय तर येऊ द्या की. 'श्यामची आई' बघून महाराष्ट्र रडला, अजून रडतो. कोकणातल्या गरीब घराची तीच गोष्ट, आणि पहिलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक त्याच सिनेमाला मिळालं. आपला प्रेक्षक त्या वाटेने सहज येतो.

हर्णैच्या बाई

भाची, मी दापोली तालुक्यात मराठी शिकवते आणि शाळेतल्या मुलांकडून दर वर्षी एक नाटक बसवून घेते. तुमचा प्रश्न वाचल्यापासून मला दुसरं काही सुचलेलं नाही, तेव्हा सविस्तर लिहिते.

ॲलन पार्करला विनोद जमत नव्हता म्हणून हसू गेलं, असं नाही. त्यानेच १९९१मध्ये 'द कमिटमेंट्स' केला. डब्लिनमधली बेकार पोरं गाण्याचा बँड काढतात, आणि सिनेमाभर आपण हसत असतो. तो रॉडी डॉयलच्या कादंबरीवर आहे आणि ती कादंबरी जवळजवळ सगळी संवादात आहे. म्हणजे तिथला विनोद माणसांच्या तोंडात आधीपासूनच होता. मॅकोर्टचा विनोद माणसांच्या तोंडात कमी आणि सांगणाऱ्या मुलाच्या वाक्यात जास्त आहे. तीन-चार वर्षांचा फ्रँक जे बघतो ते जसंच्या तसं, वर्तमानकाळात सांगतो, त्यावर मत देत नाही. आपण गरीब आहोत हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. कॅमेरा मात्र पहिल्या क्षणाला सांगून टाकतो. त्याला ओल चढलेली भिंत दिसते, फाटका बूट दिसतो, आईचा चेहरा दिसतो. मुलगा जे सांगायचं गाळतो, नेमकं तेच कॅमेरा आधी दाखवतो.

हे पडताळून बघायचं असेल तर त्या सिनेमातले दोन प्रसंग शेजारी ठेवा.

पहिला, फ्रँकच्या पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे देवाचं शरीर मानून चर्चमध्ये दिलेला भाकरीचा प्रसाद पहिल्यांदा खाण्याचा. चर्चमधून आल्यावर आजी त्याला भरपेट नाश्ता देते आणि तो तिच्या परसात ओकतो. आजीचा जीव उडतो, कारण आता देवच तिच्या परसात पडला. ती त्याला ओढत कन्फेशनला, पाद्र्यापुढे पाप कबूल करायला, नेते. जा, फादरना विचार, आता काय करू? फादर सांगतात, पाण्याने धुवा. तिचं समाधान होत नाही, साध्या पाण्याने की पवित्र पाण्याने, हे विचारायला ती त्याला पुन्हा आत पाठवते. हा प्रसंग पडद्यावरही हसवतो. कारण इथे दोन माणसं आहेत, त्यांच्यात एक अडचण आहे, ती सोडवायला पोराला पळावं लागतं. विनोद कृतीत आहे.

दुसरा, घराचा खालचा मजला पाण्याने भरतो आणि कुटुंब वरच्या खोलीत राहायला जातं, त्याचा. वरची खोली कोरडी, उबदार, म्हणून तिला ते 'इटली' म्हणतात. पुस्तकात तो शब्द आला की घरात एक नवा देशच उघडतो. सिनेमात आपण आधी ते पाणी बघतो, ती घाण बघतो, आणि मग 'इटली' ऐकताना घशाशी येतं. शब्द तोच, पण डोळ्यांनी त्याआधी निकाल दिलेला असतो.

घाटमाथ्यावरून, निवेदन त्या सिनेमातही आहे. पण तो आवाज मोठ्या पुरुषाचा आहे. आपण यातून सुटलो, अमेरिकेला पोचलो, हे त्याला ठाऊक आहे, आणि ते आवाजात ऐकू येतं. मामांचा आजचा आवाज दृश्यांवर टाकला तर तसंच होईल, मामा कितीही गोड बोलत असले तरी. शिवाय पार्करला फ्रँकच्या वाढत्या वयासाठी तीन वेगवेगळे मुलगे घ्यावे लागले. पुस्तकात आवाज एकच असतो, त्यामुळे वय वाढलेलं कळतही नाही. पडद्यावर एका मुलात जीव गुंतला की तो बदलतो. भाची, तुमच्या गोष्टीत एकच वर्ष आहे. ते तसंच राहू दे, काही झालं तरी मामांना मोठं करू नका.

आता आयर्लंडचंच दुसरं उदाहरण. ख्रिस्टी ब्राउनच्या आत्मकथेवर जिम शेरिडनने १९८९मध्ये 'माय लेफ्ट फूट' केला. ते घरही तसंच, डब्लिनचं, पोरांनी भरलेलं, चुलीत कोळसा नाही. शिवाय मुलाचं शरीर त्याच्या ताब्यात नाही, फक्त डावा पाय चालतो. खरं तर हा जास्त रडवायला हवा. तरी बघताना आपण त्याची कीव करायला बसत नाही, कारण ख्रिस्टीला सतत काहीतरी हवं असतं आणि ते मिळवायला तो सगळ्यांना कामाला लावतो. घरात कोळसा नाही म्हणून पोरं चालत्या ट्रकमधला कोळसा पाडतात, तेव्हा त्या पळापळीत गरिबी आठवायला आपल्याला सवडच मिळत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. गरिबीचं चित्रण करू नका. मुलाला त्या क्षणी काय हवंय ते धरा आणि कॅमेरा त्याच्यामागे पळवा.

गळतीचा प्रसंग तुमच्या पटकथेत कसा सुरू होतो? मला वाटतं आधी छप्पर दिसतं, थेंब पडतो, आई वर बघते. सगळं तिथेच संपतं. त्याऐवजी सुरुवातीला फक्त भांडी दाखवा. चार पोरं स्वयंपाकघरातून भांडी पळवताहेत, कुठलं अरुंद, कुठलं उथळ, यावर हमरीतुमरी. अजून पाऊसही दिसू देऊ नका. मावशीने तांब्या पोलक्यात लपवलाय, तो सावरत ती शिडीकडे सरकतेय. मग धाकटा ओरडतो, "माझी सुरू झाली!" आणि आपल्याला कळतं की भांडण कशावरून होतं. आईला या दृश्यात वर बघायला लावू नका. तिला एकच वाक्य द्या: माझा भाताचा टोप कोणी नेला? ती टोपासाठीच चिडलेली असू दे.

डॉक्टरांचं तर तुमच्या हातात सोनं आहे आणि तुम्ही ते गुरुजींना विचारून सोडून दिलंत. वहीत तेवढंच असेल, पण पटकथेत मुलगा विचारून थांबणार नाही. त्या काळी दवाखान्यात जाताना बाटली घरून न्यावी लागायची. कंपाउंडर लाल मिक्श्चर भरायचा आणि बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक डोस. तर मुलाला रॉकेलची रिकामी बाटली घासून घेऊन बाजारातल्या दवाखान्यात पाठवा.

"माका औषद व्हया."
"कोणाक?"
"गिरणीक."
"गिरणीक काय झालासा?"
"डॉक्टर सांगतीत तेवाच ती उठतली म्हणतत."

मालवणी माझी उसनी आहे, तुम्ही सुधाराल. कंपाउंडर हसेल की बाटली भरून देईल, हे तुम्ही ठरवा. मी असते तर भरून द्यायला लावली असती, अगदी गंभीर चेहऱ्याने, आणि किती डोस कापू हेही विचारायला लावलं असतं. पुढे ती बाटली मुंबईला कुणाच्या पिशवीतून पाठवायची, एवढ्यावर तुमचा अर्धा सिनेमा उभा राहील. संप, सामंत, मनीऑर्डर, सगळं त्या बाटलीमागोमाग आपोआप येईल, कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

'श्यामची आई'बद्दल. साने गुरुजींचं पालगड आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे हे मनापासून लिहिते. तो सिनेमा आचार्य अत्र्यांनी केला, महाराष्ट्राला खदखदा हसवणाऱ्या माणसाने, आणि तो नुसता रडका नाही. पोहायला जायचं नाही म्हणून श्याम लपून बसतो आणि आई त्याला मारत विहिरीवर पिटाळते, तो प्रसंग आठवा. पोराला एक हवंय, आईला दुसरं, दोघंही हट्टी. मुलं आजही तिथे हसतात, मी वर्गात बघितलंय. शेवटी डोळ्यांत पाणी येतं ते त्या हट्टामुळे. हे मायलेकरू आपल्याला आधी माणूस म्हणून आवडलेलं असतं. वाट तीच धरा, पण ती अशी होती हे लक्षात ठेवून धरा.

मुलांबद्दल एक. त्यांना प्रसंग दुःखाचा आहे असं चुकूनही सांगू नका. दुष्काळाचं नाटक बसवताना मी तसं सांगितलं की पोरं लगेच माना टाकतात आणि हुंदक्यांचे आवाज काढतात. तीच पोरं एका भाकरीवरून भांडायला लावली की मागच्या रांगेतल्या आयाबाया पुढे सरकून बघतात.

रापणकर

बाईंनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त पावसापुरतं बोलतो. बरीच वर्षं शूटिंगला लाइटवर होतो.

खरा पाऊस कॅमेऱ्यात दिसत नाही. जुलैत मालवणात धो धो पडतोय आणि मॉनिटरवर नुसतं राखाडी, असं व्हायचं. थेंब दिसायला उजेड त्यांच्या मागून यावा लागतो. म्हणून मोठी युनिटं पावसाळा संपल्यावर टँकर घेऊन येतात. तुमचं बजेट बघता टँकर विसरा. पाऊस आतून ऐकवा. कौलांवरचा आवाज, पन्हळीचा आवाज, टोपात पडणाऱ्या थेंबाचा आवाज. रिकाम्या टोपात वेगळा, अर्ध्या भरलेल्यात वेगळा, तांब्यात तर फारच वेगळा. मावशीची लबाडी आवाजावरूनच पकडता येईल बघा. रेकॉर्डिंग शूटिंगपासून वेगळं, शांतपणे करा.

'अँजेलाज ॲशेस'च्या सिनेमासाठी डब्लिनमध्ये अख्खी गल्ली बांधली होती, कारण लिमरिकच्या जुन्या गल्ल्या तोवर पाडून झाल्या होत्या. तुमच्या वाडीत एखादं मातीच्या भिंतींचं, कौलारू घर उभं असेल तर आधी ते पक्कं करा. आमच्याकडे दर मे महिन्यात एकेक स्लॅबचं होतंय.

आचऱ्याची भाची

बाई, तुमचं उत्तर मी मामांना फोनवर वाचून दाखवलं. रॉकेलची बाटली ऐकून ते म्हणाले, "ह्या मी कसा केलंय नाय?" तांब्याच्या आवाजाचंही त्यांना फार पटलंय. मुद्देमाल आवाजावरून सापडला असता तर आपण तेव्हाच जिंकलो असतो म्हणाले. गळतीचं दृश्य आज पहिल्यापासून लिहायला घेतलंय. छप्पर काढून टाकलं.

रापणकर, आमचं जुनं घर अजून आहे, पडवी थोडी खचलीय. चुलतमामांना विचारते.

पण एक गोष्ट मी वर लिहिली नव्हती. मावशीचा या सगळ्याला विरोध आहे. "आमची गरिबी जगाक कित्याक दाखयतंस?" असं तिने स्पष्ट विचारलं. तिचं सासर त्याच गावात आहे, सुना आहेत. मामा म्हणतात दुर्लक्ष कर. मला ते जमणार नाही.

सुरंगी

जमू नयेच. मी वेंगुर्ल्याची, वयाने तुमच्या मावशीएवढीच असेन, म्हणून तिच्या बाजूने लिहिते.

मॅकोर्टचं पुस्तक जगाने डोक्यावर घेतलं तेव्हा लिमरिकमध्ये पुष्कळ लोक दुखावले होते. आमचं गाव एवढं वाईट नव्हतं, आमच्या आयांना असं उघड्यावर का आणलंत, असा तो राग होता. तिथेच जन्मलेल्या रिचर्ड हॅरिस या नटाने तर जाहीर टीका केली. ज्या आईच्या नावाने पुस्तक आहे ती १९८१मध्येच वारली होती. आपल्याबद्दल काय छापलंय यावर तिला एक शब्दही बोलता आला नाही. आई पाद्र्यांच्या दाराशी उरलंसुरलं अन्न मागायला उभी आहे, हे मुलाने पाहिलं आणि लिहिलं. ते पान थोर आहे, मी ते विसरू शकत नाही. पण तिला विचारलं असतं तर तिने ते ठेवू दिलं असतं का, हा प्रश्न मला वाचताना प्रत्येक वेळी पडतो.

तुमची मावशी आहे. तिला विचारता येतं. तिने ऐकलेली पटकथा जुनी, जिच्यात शेजारचे काका हाल म्हणाले ती. तिला नवं गळतीचं दृश्य एकटीला वाचून दाखवा, मामा समोर नकोत. तांब्याची लबाडी तिची आहे, भावाने ती आपल्या बाजूने लिहिलीय. तिची बाजू वेगळी असणार. कदाचित शिडीखालची गळती सगळ्यात बारीक होती आणि वाटणीतच तिच्यावर अन्याय झाला होता. ती जे सांगेल ते दृश्यात घाला. आणि एखादं पान तिने नको म्हटलं तर ते काढा, कितीही चांगलं असलं तरी. ती घराबाहेर पडेल तेव्हा तिला बघणारी माणसं तिच्या सासरची आहेत, आपण नाही.

मुलीचं काम करणारी पोर निवडताना तिलाही सोबत घ्या. आठ-नऊ वर्षांची आपण कशी होतो ते दुसऱ्या कुणाला माहीत असणार?